कक्षाचं म्हणणं

‘आधी तोल रिकामी, मग तोल भरलेली;
एका गाडीत दोन राशी, विचार कुणी भरली.’

वडिलांचा आवाज होता तो. बाजाराची धूळ खाऊन खरखरीत झालेला, पण ओळीच्या शेवटी हलकेच वर जाणारा, जणू ओझं उतरवून कुणी पाठ सरळ करावी. ताई तेव्हा आठ वर्षांच्या. बाजाराच्या तोंडाशी वजनकाटा होता. जमिनीत बसवलेला लोखंडी पाट आणि त्याला चिकटून एवढीशी खोली. खोलीच्या खिडकीत वडील. गाडी पाटावर चढली की लोखंड कण्हायचं, काटा थरथरायचा, आणि तो थरथरायचा थांबेपर्यंत वडील श्वास धरून बसायचे. मग आकडा. एक गाडी गेली आणि दुसरी यायची आहे, एवढ्या मधल्या वेळात ही ओवी. ती कुणी रचली, कुठून आली, त्यांनाही ठाऊक नसावं.

शेवटच्या आजारपणात त्यांना माणसं ओळखू येईनाशी झाली, तरी ओवी राहिली. फक्त तिच्यामागे एक शेपूट लागलं होतं.

“विचारायचं राहिलं गं,” ते म्हणायचे.

“काय विचारायचं, बाबा?”

“दोघांचा माल होता. एकाच्याच नावावर लिहिला. गाडी निघून गेली.”

कोण दोघं, कुठली गाडी, किती वर्षांपूर्वीची, काही कळायचं नाही. ताईंनी त्यांच्या कपाळावरून हात फिरवला, आणि ते गेले तेव्हा त्यांचं ओझंही त्यांच्याबरोबर गेलं असं मनाला सांगितलं. पण ओझी अशी जात नसतात. ती वारसाला लागतात.

आता ताई सत्तावन्न वर्षांच्या होत्या. विद्यापीठात नोकरीला एकतीस वर्षं झाली होती, त्यातली शेवटची अठरा मूल्यमापन कक्षात. कक्ष म्हणजे मोठ्या जिन्याच्या पोटात काढलेली खोली. तास सुटला की डोक्यावरून शेकडो पावलं धडधडत खाली यायची आणि टेबलावरच्या पेल्यातलं पाणी थरारायचं. तीन लोखंडी कपाटं, दोन टेबलं, एक कागद वाचणारं यंत्र. सत्र संपलं की विद्यार्थ्यांनी आपल्या शिक्षकांबद्दल भरलेले कागद तपकिरी पाकिटांतून इथे यायचे. कागदावर वर दहा प्रश्न, प्रत्येकापुढे पाच गोल. खाली चार ओळींची मोकळी जागा, मनातलं लिहायला. गोल यंत्र वाचायचं. मनातलं ताई वाचायच्या.

वाचायच्या आणि टंकायच्या. अक्षरावरून पोरं ओळखू येऊ नयेत म्हणून हाताने लिहिलेला मजकूर शिक्षकाला कधी द्यायचा नाही, टंकूनच द्यायचा, असा नियम होता. एक शब्द गाळायचा नाही, एक वाढवायचा नाही. ‘सर चांगले आहेत पण घड्याळ त्याहून चांगले आहे’ असं कुणी लिहिलं तर तेही तसंच. अठरा वर्षांत ताईंच्या बोटांखालून हजारो पोरांचं मन गेलं होतं. कुठल्या मास्तरला कोण मानतं आणि कुठला मास्तर भिंतीला शिकवतो, हे कुलगुरूंना नसेल ठाऊक, पण ताईंना होतं. त्या कधी बोलल्या नाहीत. दर वर्षी शिक्षकांच्या नेमणुकांची समिती बसायची तेव्हा ताई तिथे आकडे वाचून दाखवायच्या. प्रत्येक नावापाशी अध्यक्ष रिवाजाने विचारायचे, “कक्षाचं काही म्हणणं?” आणि ताई रिवाजाने म्हणायच्या, “काही नाही.” तेवढे दोन शब्द बोलण्याचाच पगार मिळतो, असं शेजारच्या टेबलावरचा लेखनिक म्हणायचा. त्याला सगळे बेरीजभाऊ म्हणत.

आणि या सगळ्या कामात एक गाठ होती. तिचं नाव जोडवर्ग.

दोन विभागांनी मिळून घेतलेला वर्ग तो जोडवर्ग. विषय एक, खोली एक, शिक्षक दोन. पण काही विद्यार्थी या विभागाच्या क्रमांकाखाली नोंदवलेले, काही त्या. यंत्राला हा संसार पटत नसे. त्याला एका वर्गाला एक क्रमांक आणि एका क्रमांकाला एकच शिक्षक लागे. म्हणून कक्षाने आपली वाट काढली होती. दोन क्रमांकांपैकी एकाला थोरली म्हणायचं, दुसऱ्याला धाकटी. धाकटीचे कागद थोरलीच्या पाकिटात घालायचे, आणि जो आकडा येईल तो थोरलीच्या शिक्षकाच्या नावावर. धाकटीच्या शिक्षकापुढे नुसती आडवी रेघ. धाकटीला वेगळं ठेवायचीही सोय नव्हती. तिच्यात बहुधा चार-दोनच पोरं असायची, आणि पाचांहून कमी कागद असले की निकाल झाकायचा, नाहीतर कोण काय बोललं ते उघड व्हायचं.

“दोन सुना, एक चूल,” बेरीजभाऊ म्हणायचा. “भाजी कुणीही करो, नाव थोरलीचं.”

‘नदी आणि माणूस’ हा असाच जोडवर्ग. सोमवारी भूगोलाचे सर नदी शिकवायचे. ती कुठे उगम पावते, गाळ कसा वाहून आणते, काठ कसा खाते. गुरुवारी समाजशास्त्राच्या मॅडम माणसं शिकवायच्या. काठावर कोण राहतं, पुरात कोण उठतं, कोण उठत नाही. पोरांनी त्यांना नावंच ठेवली होती, नदीचे सर आणि माणसांच्या मॅडम. सर साठीला आलेले, कायम नोकरीचे. मॅडम तेहेतीस वर्षांच्या, वर्षावर्षाच्या करारावर. थोरली अर्थातच सरांची. दर वर्षी पाचांपैकी साडेचार, कधी त्याच्याही वर. मॅडमपुढे रेघ. दोन वर्षं समितीने त्या रेघेकडे बघून मान हलवली होती: “चांगलं शिकवतात म्हणतात, पण पुरावा कुठाय?” तिसरा करार शेवटचा. त्यानंतर एक तर कायम, नाहीतर नमस्कार. आणि कायम व्हायला साडेतीनचा आकडा हवा.

सत्र सुरू व्हायच्या आधी सर जिन्याखालच्या खोलीत आले होते. दारात वाकून, कारण चौकट बुटकी.

“ताई, एक काम आहे. नियमात बसणारं नाही, म्हणून तुमच्याकडे आलो.”

“नियमात न बसणारं काम घेऊन लोक माझ्याकडे यायला लागले म्हणजे माझं वयच झालं म्हणायचं. बसा.”

“या वर्षी थोरली पोरीच्या नावावर करा.” मॅडमना ते पोरगीच म्हणायचे. “मला आकडा घेऊन काय करायचंय? दोन वर्षं मी तिचं ताट ओढून जेवतोय असं वाटतं.”

“सर, थोरली बदलायला दोन्ही विभागप्रमुखांच्या सहीचा अर्ज लागतो.”

“अर्ज केला की चर्चा होईल. चर्चा झाली की तिला कळेल. मग ती नको म्हणेल, मोठी मानी आहे. घरी आमच्या हिनेच सुचवलं हे. ‘वर्ग दोघांचा, मग मोठेपणा एकट्याचा का?’ म्हणाली.”

ताईंनी त्यांच्याकडे पाहिलं. पंचवीस वर्षांत या माणसाने कक्षाकडे काही मागितलं नव्हतं. अठरा वर्षांत ताईंनीही नियमाबाहेर एक टिंब टाकलं नव्हतं. मग त्यांनी सत्राची यादी उघडली, दोन क्रमांक शोधले आणि एकाची जागा दुसऱ्याला दिली. एवढंच. डोळ्याची पापणी लवायला लागतो तेवढा वेळ.

“झालं?” सरांनी विचारलं.

“झालं.”

“देवमाणूस आहात.”

“देवमाणूस नको, नुसतं माणूस म्हणा. देवाला पेन्शन नसते.”

दोघं हसले. चांगल्या कामाची सुरुवात अशीच असते. ती हसत होते, आणि तिचा कागद कुठे नसतो.

पाचव्या आठवड्यात सरांच्या पत्नीचं दुखणं उघडं पडलं. सहाव्यात सर रजेवर गेले. सत्र संपायला आठ दिवस असताना वहिनी गेल्या.

कागदांचं पाकीट त्यानंतर आलं. बावन्न कागद. ताईंनी ते यंत्राला घातले, आणि यंत्राने मॅडमच्या नावापुढे आकडा छापला: दोन पूर्णांक आठ.

ताईंना वाटलं, यंत्र अडकलं. पुन्हा घातले. पुन्हा दोन पूर्णांक आठ. मग त्यांनी चष्मा पुसला आणि खालची मोकळी जागा वाचायला घेतली.

‘सोमवारचा तास नसता तर बरं.’

‘नदी समजली नाही. कुणी पुस्तक वाचून दाखवावं तशी शिकवली.’

‘गुरुवारी बसायला जागा मिळत नाही, दुसऱ्या वर्गातली मुलं येऊन बसतात. सोमवारी आम्हीच बसत नाही.’

‘मॅडम सोमवारी पुस्तक बघून नदी शिकवतात आणि गुरुवारी पुस्तकाशिवाय माणसं शिकवतात. त्यांना नदी का शिकवायला लावली?’

आणि एका कोपऱ्यात बारीक, डावीकडे कललेल्या अक्षरात: ‘पाचव्या सोमवारी सर फळ्याकडे तोंड करून खूप वेळ उभे राहिले. आम्हांला वाटलं ते रडत आहेत. कुणी काही बोललं नाही. याला किती गुण द्यायचे ते कागदावर लिहिलेलं नाही.’

ताईंची बोटं थांबली. डोक्यावरून तास सुटल्याची पावलं गेली, पेल्यातलं पाणी थरारलं, स्थिर झालं. त्यांनी मजकूर टंकला. एक शब्द गाळला नाही, एक वाढवला नाही. मग कोरा कागद घेऊन मधोमध उभी रेघ मारली. डावीकडे सोमवार, उजवीकडे गुरुवार. सत्तावीस जणांनी सोमवारचं दुःख लिहिलं होतं. तेवीस जणांनी गुरुवारचं सुख. दोघं नुसतेच ‘ठीक’ म्हणाले होते. पण वरच्या गोलांना वार माहीत नव्हता. गोलांनी सोमवार आणि गुरुवार एकाच पोत्यात भरले होते आणि पोतं मॅडमच्या पाठीवर दिलं होतं.

सरांचे सोमवार मॅडमनी घेतले होते. कुणी नेमलं नव्हतं, कुठे नोंद नव्हती. नदी त्यांचा विषय नव्हे, तरी रविवारभर पुस्तकं उपसून सोमवारी उभ्या राहिल्या होत्या, सरांचा वर्ग रिकामा पडू नये म्हणून. आणि जो आकडा सरांनी पोरीला आहेर म्हणून द्यायचा ठरवला, तो आता तिच्या गळ्यात दगडासारखा बांधला गेला होता. बांधणारे हात ताईंचे.

दोन दिवसांनी मॅडम आल्या. निकालाची प्रत स्वतः येऊन घ्यायची असते. खांद्यावर पिशवी, पिशवीत पुस्तकं, केसांना घाईची गाठ.

“ताई, माझ्या नावावर आकडा आलाय म्हणे या वर्षी? मला तर रेघेचीच सवय.”

ताईंनी पाकीट पुढे केलं. मॅडमनी उभ्याउभ्याच कागद काढला. वाचला. उलटून मागे पाहिलं, जणू खरा आकडा मागे असेल. मग खुर्चीवर बसल्या.

“माझं शिकवणं कमी पडलं,” त्या म्हणाल्या.

“सोमवार तुमचे होते का?” ताईंनी विचारलं. आपला आवाज त्यांना दुसऱ्याचा वाटला.

मॅडमनी पिशवीचा बंद सारखा केला. नंतर म्हणाल्या, “वर्गात जो उभा असतो, तास त्याचा.”

“समितीला सांगा ना तसं. सर रजेवर होते, म्हणून…”

“नको.” मॅडमनी कागदाची घडी घातली, मग आणखी एक घडी. “त्यांचं घर आत्ता कुठे रिकामं झालंय, ताई. त्यात मी जाऊन म्हणू, की तुमच्या बायकोच्या दुखण्याने माझी नोकरी गेली? मी एकदा भेटायला गेले होते, तर वहिनी अंथरुणातून म्हणाल्या, ‘त्यांचा वर्ग मोडू देऊ नकोस.’ मी हो म्हटलं. वर्ग मोडला नाही.” त्या किंचित हसल्या. “फक्त चांगला झाला नाही.”

त्या क्षणी ताईंच्या ओठांवर सगळं आलं होतं. थोरली तुमची नव्हती, बाळ. मी केली. पण त्याच क्षणी समोर दुसरंही उभं राहिलं. अर्ज नाही, सही नाही, तोंडी सांगण्यावरून केलेला बदल. चौकशी लागेल. निवृत्तीला चौदा महिने राहिलेत. एकतीस वर्षांच्या कोऱ्या सेवापुस्तकात शेरा पडेल. जिने दुसऱ्यांचे शेरे टंकण्यात हयात घालवली, तिच्याच नावापुढे. ओठांवर आलेलं पुन्हा घशात गेलं.

“पाणी घेता?” ताई म्हणाल्या.

मॅडम पाणी प्यायल्या, थँक्यू म्हणाल्या आणि बुटक्या दारातून न वाकता गेल्या. उंचीने लहानच होत्या.

“पोरं म्हणजे खाष्ट सासू,” बेरीजभाऊ पलीकडून म्हणाला. “पोटभर जेवून उठणार आणि मीठ कमी होतं म्हणणार. तुम्ही कशाला तोंड पाडून बसता? आपलं काम पोस्टमनचं. पत्र पोचवायचं, आत काय आहे त्याला रडायचं नाही.”

“आणि पत्ता पोस्टमननेच बदलला असेल तर?”

बेरीजभाऊने मान वर केली. त्याने बराच वेळ ताईंकडे पाहिलं. अठरा वर्षं शेजारी बसलेल्या माणसाला फार सांगावं लागत नाही.

“ताई,” तो हळू आवाजात म्हणाला, “मी काही ऐकलं नाही. तुम्हीही काही बोलला नाहीत. चौदा महिने आहेत. झाकली मूठ राहू द्या.”

समितीच्या आदल्या दिवशी दुपारी सर आले. महिन्याभरात माणूस किती उतरतो ते ताईंना दिसलं. सदऱ्याची कॉलर गळ्याभोवती मोठी झाली होती. दारात वाकायचं विसरले आणि कपाळ चौकटीला लागलं.

“अहो, सांभाळून!”

“लागलं नाही.” त्यांनी कपाळ चोळलं. “रजेच्या अर्जावर कक्षाचा शिक्का हवा म्हणतात. आणि म्हटलं, तुम्हांला भेटून जावं.”

ताईंनी शिक्का मारला. शाई फिकट उमटली, म्हणून पुन्हा मारला. सर तिथेच उभे.

“आपल्या पोरीचं झालं ना?” त्यांनी विचारलं.

ताईंनी शिक्क्याची डबी बंद केली. तिचं झाकण बसेना.

“शेवटच्या आठवड्यात ही शुद्धीवर आली की एकच विचारायची,” सर म्हणाले. “‘त्या पोरीचं झालं का?’ घरच्यांबद्दल नाही, औषधांबद्दल नाही. मी म्हटलं, ‘झालं. या वर्षी आकडा तिच्या नावावर आहे, काही काळजी करू नकोस.’ फार बरं वाटलं तिला. हसली. आता मी खोटं बोललो नाही ना, एवढंच बघायला आलो.”

खोलीत पंखा फिरत होता. त्याचं एक पातं दर फेऱ्याला खट् करायचं.

“चालू आहे, सर,” ताई म्हणाल्या. “काम चालू आहे.”

“मग उद्या मी येतो. बाहेर बाकावर बसेन. दार उघडलं की पहिलं अभिनंदन माझं.” सरांनी अर्ज खिशात ठेवला. “घरी बसून तरी काय करायचं?”

ते गेले. ताई कपाटाशी गेल्या. मूळ कागद एक वर्ष ठेवायचे आणि मग फाडायचे असतात. ‘नदी आणि माणूस’चं पाकीट खालून तिसरं होतं. त्यांनी ते काढून मांडीवर घेतलं. केवढंसं वजन, बावन्न कागदांचं. वडील असते तर हातावर घेऊनच सांगितलं असतं किती आहे. आणि लगेच विचारलं असतं, कुणाचं किती?

विचारायचं राहिलं गं. दोघांचा माल होता.

ताईंना तेव्हा प्रथमच वडिलांच्या त्या शेपटाचा अर्थ लागला. चूक तोलण्यात नव्हती. काटा बरोबर होता, आकडाही बरोबर होता. गाडी पाटावरून उतरून दिसेनाशी होईपर्यंत वडील खिडकीतून तिच्याकडे बघत राहिले असतील. हाक मारण्याइतका वेळ होता, आणि त्यांनी मारली नसेल. रांगेत लोक खोळंबले असतील. मालक बघत असेल. घरी आठ वर्षांची पोर असेल. हाक न मारण्याची कारणं कुणाकडे कमी असतात? आणि मग ती न मारलेली हाक म्हातारपणी अंथरुणाशी येऊन बसते.

या गाडीचं चाक अजून पाटावर होतं. उद्या अकराला समिती बसेपर्यंत.

समिती बसायची ती खोली वरच्या मजल्यावर. लांब टेबल, हिरवं कापड, भिंतीवर एक घड्याळ. मधोमध अध्यक्ष, उजवीकडे समाजशास्त्राचे विभागप्रमुख, डावीकडे बाहेरून बोलावलेल्या एक प्राध्यापिका. टेबलाच्या टोकाला ताईंची खुर्ची. बाहेर व्हरांड्यात बाक, आणि बाकावर दोघंजण. मॅडम पिशवी मांडीवर घट्ट धरून, सर हातात पांढऱ्या फुलांचं छोटंसं काहीतरी घेऊन. ताई त्यांच्या पुढून आत गेल्या तेव्हा सरांनी डोळ्यांनीच विचारलं. ताईंनी मान खाली घातली.

चार नावं झाली. चार आकडे. चार वेळा “कक्षाचं काही म्हणणं?” चार वेळा “काही नाही.” पाचवं नाव मॅडमचं.

ताईंनी आकडा वाचला.

“दोन पूर्णांक आठ?” अध्यक्षांनी चष्म्यावरून पाहिलं. “दोन वर्षं आपण पुरावा मागत होतो. आला म्हणायचा पुरावा.”

“वाईट वाटतं,” विभागप्रमुख म्हणाले. “मुलगी कष्टाळू आहे. पण पोरांनीच लिहिलंय, आपण काय करणार?”

“साडेतीनच्या खाली शिफारस करता येत नाही,” बाहेरच्या प्राध्यापिका म्हणाल्या. “लेखी काही वेगळं असेल तर गोष्ट निराळी.”

अध्यक्षांनी पेनाचं टोपण काढलं. आणि पेन कागदाला टेकवता टेकवता, समोर न बघता, सवयीने विचारलं:

“कक्षाचं काही म्हणणं?”

काटा थरथरत होता. ताईंनी तो थांबेपर्यंत श्वास धरला.

“आहे,” त्या म्हणाल्या.

पेन थांबलं. अठरा वर्षांत या खोलीने तो शब्द ऐकला नव्हता. विभागप्रमुख खुर्चीत पुढे सरकले.

ताई उठल्या. आधी दाराशी गेल्या आणि दोन्ही फळ्या सताड उघडल्या. बाकावरचे दोघे दचकून उभे राहिले. सर हसू चेहऱ्यावर आणत पुढे झाले, मग ताईंचा चेहरा पाहून जिथल्या तिथे थबकले.

“दार उघडं राहू द्या, साहेब. बाहेर उभे आहेत त्यांनीही हे ऐकायला हवं.” ताईंनी पदर सारखा केला, बावन्न कागदांचं पाकीट हिरव्या कापडावर ठेवलं आणि त्यावर आपला हात. “हा आकडा एकाचा नाही. दोघांचा आहे. जोडवर्गात थोरली सरांची असते. या वर्षी ती मी मॅडमच्या नावावर केली. अर्ज नव्हता, सही नव्हती. सरांनी तोंडी सांगितलं, मॅडमच्या भल्यासाठी सांगितलं, आणि मी केलं. मॅडमना यातलं काही ठाऊक नव्हतं. सहाव्या आठवड्यापासून सरांचे सोमवार त्यांनी घेतले, कुणी नेमलं नसताना, त्यांचा विषय नसताना. पोरांनी जे वाईट लिहिलंय ते त्या सोमवारांबद्दल. गुरुवारबद्दल काय लिहिलंय ते या पाकिटात आहे. लेखी आहे, पोरांच्या हातचं. कागद फाडायच्या आत वाचा. चौकशी लावायची असेल तर लावा. माझ्या सेवापुस्तकात जागा भरपूर आहे.”

मॅडमनी पिशवी बाकावर ठेवली होती आणि दोन्ही हात तोंडावर धरले होते.

मग ताई सरांकडे वळल्या. हे सांगणं सगळ्यांत जड होतं, आणि ते अजून राहिलं होतं.

“आणि सर, काल तुम्ही विचारलंत, पोरीचं झालं ना. मी म्हटलं, चालू आहे. ते खरं नव्हतं. तिचं झालेलं नव्हतं. वहिनींना तुम्ही जे सांगितलंत, ते मी खोटं पाडलं होतं, आणि तुमच्या तोंडाकडे बघून गप्प बसले.”